घर आणि शेजार : नागापूर येथील एका नव्या वास्तूचे परीक्षण

कादंबरीचे परीक्षण होते, नाटकाचे होते, चित्रप्रदर्शनाचेही होते. परंतु ज्या वस्तूवर सामान्य कुटुंब आपली आयुष्यभराची मिळकत खर्ची घालते, त्या घराचे परीक्षण आपल्याकडे कोणी केल्याचे फारसे आढळत नाही. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे स्तुती करतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर घरधनी ठेकेदाराची निंदा करतो. या दोहोंच्या मध्ये बँकेच्या मूल्यमापकाने केलेले मूल्यमापन असते आणि त्याचा निकष एकच असतो, तो म्हणजे हप्ते थकले तर ही वस्तू किती रुपयांना विकली जाईल. सार्वजनिक वास्तूंवर अधूनमधून लिहिले जाते. तथापि नगरासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या शेकडो साध्या घरांतून माणसे प्रत्यक्ष राहतात, त्यांविषयी समीक्षेचे मौनच आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका घराचा विचार करावयाचा आहे. हे घर असामान्य नाही आणि म्हणूनच ते निवडले आहे.

नागापूर हे नगर शहराच्या उत्तरेस मनमाड रस्त्यावर, सीना नदीलगत वसलेले मूळचे खेडे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे येथे औद्योगिक वसाहत उभारली आणि शेजारच्या बोल्हेगावासह हा सारा परिसर कामगारवस्तीचा बनला. २००३ साली नगरची महानगरपालिका झाली, २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु येथील जमिनीचे रूपांतर या दोन्ही तारखांची वाट पाहत थांबलेले नव्हते. शेताचे तुकडे पडत होते व ते गुंठ्याच्या हिशेबाने विकले जात होते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात तेहतीस फुटांचा एक चौरस. शेतकऱ्याच्या मोजणीतील हे माप आता घराचे माप झाले आहे. राज्यभरातील अशा गुंठेवारी वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली कायदा करावा लागला, यावरून या मापाचा प्रताप ध्यानात यावा.

आपण पाहणार आहोत ते घर दीड गुंठ्याच्या भूखंडावर उभे आहे. घरातील कर्ता पुरुष कारखान्यात नोकरीस असून त्याची पत्नीही मिळवती आहे. दोन मुले शाळेत जातात, आणि वृद्ध आई पाथर्डी तालुक्यातील गाव सोडून येथे आली आहे. दार पूर्वेस, स्वयंपाकघर आग्नेयेस, देवघर ईशान्येस अशी वास्तुशास्त्रास मान्य होणारी रचना आहे. पुढे मोटार उभी करण्याची जागा, मग बैठकीची खोली, मागे निजण्याच्या दोन खोल्या, वर गच्ची. वरचा मजला अद्याप व्हावयाचा आहे. त्यासाठी सोडलेल्या खांबांच्या सळया गच्चीवर उभ्या आहेत. समोर पाच फुटांची भिंत आणि तिला लोखंडी फाटक.

२०११ च्या जनगणनेतील घरयादीचा तक्ता या घरास लावून पाहिला, तर एकाही रकान्यात ते उणे पडत नाही. छप्पर, भिंत, जमीन कशाची आहे, खोल्या किती, पाणी आवारात आहे काय, न्हाणीघर, शौचालय, सांडपाण्याची सोय, या सर्व प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आहेत. या तक्त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही, कारण ज्या घरांत हे रकाने रिकामे राहतात तेथील हाल आपण जाणतो. परंतु तक्ता आवाराच्या भिंतीशी थांबतो. सांडपाणी घराबाहेर पडते काय, हे तो विचारतो. पुढे ते कोणाच्या दारात जाते, हे विचारीत नाही. आणि या घराच्या गुणदोषांचा अर्धा भाग नेमका भिंतीपलीकडे आहे.

प्रथम पायाचा विचार करू. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथामुळे गावच्या जमिनीचे काळी आणि पांढरी हे दोन विभाग अभ्यासकांस परिचित आहेत. पिकाची ती काळी, वस्तीची ती पांढरी. हा भेद केवळ महसुली नव्हता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावर ठेवलेली भिंत तिच्याबरोबर हलते. गुंठेवारीने शतकानुशतकांचा हा विवेक एका फटक्यात मोडला; पांढरी भरून गेली आणि घरे काळीत उतरली. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली, तिलाही आता कित्येक दशके लोटली. आपल्या घरमालकाने ती वापरली नाही. मात्र मुरूम लागेपर्यंत सात फूट खोदाई करून, जोत्याच्या पातळीवर सर्व खांब तुळयांनी बांधून घेतले. या खर्चाचा पाहुण्यांना पत्ताही लागत नाही. बैठकीतील छताच्या नक्षीची सारे तारीफ करतात. या घरातील खरी शहाणपणाची गोष्ट जमिनीखाली आहे.

उष्म्याच्या बाबतीत मात्र हे शहाणपण दिसत नाही. नगर हा पर्जन्यछायेतील प्रदेश. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या आसपास जातो. निजण्याच्या दोन्ही खोल्या पश्चिमेस आहेत, त्यांच्या खिडक्यांवर छज्जा जेमतेम वीतभर आहे, आणि वर उघडा स्लॅब. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो, म्हणजे माणसे निजावयास येतात त्याच सुमारास. सरकत्या काचांच्या खिडकीचा अर्धा भाग कधीच उघडत नाही. परिणामी वातानुकूलन यंत्र आणावे लागले. दोन फुटांचा छज्जा आणि गच्चीवर पांढरा लेप एवढ्याने जे पुष्कळसे साधले असते, त्यासाठी दरमहा विजेचे देयक भरले जात आहे. स्वयंपाकघराची खिडकी तीन फुटांच्या बोळाकडे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोऱ्या भिंतीकडे पाहते.

येथे कोणी असे म्हणेल की, जुने धाब्याचे घर याहून थंड होते. ते खरे आहे. लाकडी तुळया, त्यांवर किलचे आणि त्यांवर मातीचा जाड थर अशी ती छपरे ऊन अडवीत असत. परंतु हा युक्तिवाद करणाऱ्यांनी धाबे दर पावसाळ्यापूर्वी कोण दुरुस्त करीत होते आणि जमीन कोण सारवीत होते, हेही सांगितले पाहिजे. या घरातील आजींना प्रस्तुत लेखकाने तसे विचारले. त्या म्हणाल्या, “सारवून सारवून हात गेले, सर. फरशीला बरं. पोचा मारला की झालं.” ज्या समीक्षेत या हातांचा हिशेब नाही, ती समीक्षा वाड्याच्या चौकात बसून केलेली आहे, असेच म्हणावे लागेल. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. जुन्या गावाची आपुलकी वर्णन करताना त्या गावाची वाटणी जातवार होती आणि काही घरांना गावकुसाबाहेरच जागा होती, हे आपण सोयीने विसरतो. नागापुरातील या वसाहतीत भूखंड पैशाने मिळाला. पैशानेही भेद होतोच, परंतु येथे एका ओळीत जी सहा घरे आहेत, ती पाथर्डी, शेवगाव, पारनेर अशा निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या निरनिराळ्या समाजांची आहेत. जुन्या गावात ही घरे एका ओळीत उभी राहिली नसती.

तेव्हा वाडा गेला म्हणून शोक करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. ही सहा कुटुंबे शेजारी झाली, पण त्यांनी शेजार करावा कोठे? जुन्या घरास, मग ते वाडा असो की दोन खणांचे, ओटा किंवा ओसरी असे. ती जागा घराची असे आणि रस्त्याचीही असे. तेथे बसलेल्या माणसास आत बोलावण्याची जबाबदारी नसे व हाकलण्याचा उद्धटपणाही करावा लागत नसे. नव्या घराने ती जागा मोटारीस दिली. दार आणि रस्ता यांमधील हे दहा फूट या घराचे मर्मस्थान आहे, आणि घराचे खरे अपयशही तेथेच आहे. आजी दुपारी मोटार आणि दुचाकी यांच्या मधल्या फटीत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. समोर बंद फाटक. चारच्या सुमारास त्या ती खुर्ची उचलून फाटकाबाहेर गटारीवरच्या फरशीवर मांडतात. शेजारच्या दोघीजणी तेथे येतात, भाजी निवडली जाते, शाळेतून येणाऱ्या मुलांवर नजर राहते, कारखान्याची पाळी सुटल्यावर घरी परतणाऱ्यांची विचारपूस होते. “इथं बसलं की माणसं दिसत्यात,” असे त्यांनी सांगितले. सोळाशे चौरस फुटांच्या भूखंडाच्या मालकिणीला बसण्यासाठी गटारीवरची तीन फूट फरशी उरावी, हा या नकाशावरील सर्वांत कठोर अभिप्राय होय, आणि तो त्यांनी स्वतःच्या वागण्यातून दिलेला आहे.

दोष एकट्या मालकाचा नाही. भिंत न घालावी तर मोकाट जनावरे व चोर यांचे भय आणि शेजाऱ्याने घातल्यावर आपण न घालणे कमीपणाचे, अशी ही साखळी आहे. जोत्याच्या बाबतीत ती अधिक घातक ठरते. रस्त्याचे डांबरीकरण होते तसतसा रस्ता वर येतो. म्हणून नवा बांधणारा आपले जोते मागच्यापेक्षा हातभर उंच घेतो. या ओळीतील पहिल्या घराचे जोते रस्त्याच्या पातळीस आले आहे, आपल्या घराचे तीन फूट उंच आहे. काळी माती पाणी लवकर जिरवीत नाही, पूर्वीच्या शेतातील चर बुजले आहेत आणि प्रत्येक आवारात काँक्रीट आहे. साहजिकच मोठ्या पावसात पाणी सर्वांत जुन्या आणि बहुधा सर्वांत गरीब घरात शिरते. सीनेसारखी उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी जवळ असली की उताराचा विचार करणे लोकांस अनावश्यक वाटू लागते. विंधनविहिरींचेही तेच आहे. प्रत्येकाची स्वतंत्र आणि प्रत्येकाची शेजाऱ्याहून खोल. घराघरांतून पाहिल्यास यांतील प्रत्येक निर्णय समंजस आहे. ओळीने पाहिल्यास तो परस्परांविरुद्ध चाललेला व्यवहार आहे.

चार हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी ठेवावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. या वसाहतीतही अशी जागा आहे. ती एका टोकास, कोणत्याही घराच्या दारातून न दिसणारी, वेड्या बाभळींनी भरलेली आहे. नियमाचे पालन झाले आहे; मात्र नियम क्षेत्रफळ मोजतो, स्थान मोजीत नाही. याच्या तुलनेत सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूर येथे रचलेल्या वसाहतीचा अभ्यास विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. तेथील भूखंड पंचेचाळीस ते पंच्याहत्तर चौरस मीटरांचे, म्हणजे आपल्या दीड गुंठ्याच्या निम्म्याहूनही लहान. तरी सात-सात घरे एका लहान चौकाभोवती बसविली आहेत आणि दारातून बाहेर पडलेले मूल प्रथम त्या चौकात येते. प्रत्येक घर स्वतंत्र असून त्यात मालकास भर घालता येईल, अशी योजना होती. पुढे अनेक मालकांनी मूळ घरे पाडून त्याजागी उंच घरे बांधली, हे खरे. म्हणून काही विद्वान तो प्रयोग फसला असे समजतात. आम्हांस ते मान्य नाही. घरे बदलली तरी चौक राहिले. घर हे एका पिढीचे असते, आखणी पुढच्या पिढ्यांनाही पुरते, असा धडा त्यातून घ्यावयास हवा होता. नागापूरच्या या वसाहतीत आखणी करणाऱ्याने पट्टी घेऊन समांतर रेषा ओढल्या, आणि त्या रेषांनी पुढील शंभर वर्षांचा शेजार ठरविला.

या घरापुरते काय करता येईल? वरचा मजला भाड्याने द्यावयाचा विचार असून त्याचा जिना बाहेरून, मोटारीच्या जागेतून काढावयाचे ठरत आहे. मालकाच्या आराखड्यात तो भिंतीच्या आत, फाटकाकडे पाठ करून आहे. तोच जिना भिंतीलगत पुढे आणून, पुढची भिंत आपल्याच हद्दीत चार फूट मागे घेतली, तर खालच्या तीन-चार रुंद पायऱ्या रस्त्याकडे उघड्या राहतील; त्यांच्या बाजूस शहाबादी फरशीचा ओटा बसतो आणि पश्चिमेच्या छज्जास लागेल त्याहून अधिक खर्च येत नाही. मोटार तिरपी लावावी लागेल. मालकास ही सूचना केली, तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की, फाटकाची मापे आधीच दिलेली आहेत. आजींनी मात्र ओटा केवढ्या उंचीचा करणार, असे विचारले. गुडघे दुखत असल्याने त्यांना तो दीड फुटाहून उंच चालणार नाही.