रंगीत पानं कुठे घालायची?

मराठीतलं चित्रकलेवरचं पुस्तक हातात आलं की ते उघडण्याआधी कडेने बघावं. मळकट पांढऱ्या कागदाच्या गठ्ठ्यात मध्येच एक चकचकीत पट्टी दिसते. ती रंगीत पानांची. आठ किंवा सोळा पानं, आर्ट पेपरवर छापलेली, बाइंडरला सोयीचं पडेल त्या दोन फॉर्मांच्या मध्ये घातलेली. लेखक तेविसाव्या पानावर एखाद्या निळ्या रंगाबद्दल जीव तोडून लिहितो आणि तो निळा दिसतो शंभर पानांनंतर. तोवर वाचक परिच्छेद विसरलेला असतो. चित्राखाली चित्रकाराचं नाव असतं, फार तर शीर्षक. माप, माध्यम, साल, मूळ चित्र आज कुठे आहे, यातलं काही नाही. वीतभर लघुचित्र आणि सहा फुटी कॅनव्हास कागदावर एकाच उंचीचे होऊन बसतात.

चित्रकला, छायाचित्रण आणि अक्षरकला या तिन्ही विषयांवर मराठीत आज चांगला मजकूर आहे आणि छपाईही पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. तरी पुस्तकात चित्राने नेमकं काय काम करायचं, हा निर्णय आपण अजूनही शेवटच्या आठवड्यात प्रेसवर सोडून देतो. या पुस्तकांचं खरं दुखणं तिथे आहे.

मराठी वाचकाला छापील चित्राची सवय नव्हती असं कुणी म्हणू नये. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला आणि घरोघरी चित्रांसाठी अंक जपून ठेवले जाऊ लागले. रघुवीर मुळगावकरांच्या ‘रत्नप्रभा’चंही तेच. दोघेही गोव्याकडचे, दोघेही आपल्या अंकाचे कर्तेधर्ते. चित्र कुठे, केवढं आणि कशा रंगात छापायचं हे ठरवणारा माणूस स्वतःच चित्रकार होता, हे त्या अंकांच्या यशाचं एक कारण. पुस्तकाच्या वाट्याला हा माणूस आला नाही. म. वि. धुरंधरांची कथा बोलकी आहे. त्यांची रंगीत चित्रं ओटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या १९२० च्या इंग्रजी ग्रंथात दिमाखात छापली गेली. मराठीला त्यांनी १९४० मध्ये दिलं ते ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन. चित्रं इंग्रजीत आणि शब्द मराठीत, ही वाटणी तेव्हापासूनची आहे आणि ती मोडलेली नाही.

शब्दांच्या बाजूने पाहिलं तर ही श्रीमंती मोठी आहे. द. ग. गोडसे यांचं ‘पोत’ घ्या किंवा प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ (मौज, १९९०). स्वतः चित्रकार असलेल्या माणसाने अवकाश, वस्तू आणि आकार यांबद्दल इतक्या स्वच्छ गद्यात विचार केल्याची उदाहरणं इतर भाषांतही मोजकी सापडतील. पण बरवे ज्या रिकाम्या जागेबद्दल बोलतात ती जागा डोळ्यांसमोर असल्याशिवाय वाक्य अर्धंच पोचतं. त्यांच्या चित्रात घड्याळ, पान, काडी अशा साध्या वस्तू सपाट, पातळ होऊन तरंगतात. त्या एकमेकींपासून किती अंतरावर आहेत यातच चित्राचा अर्थ असतो. हे अंतर परिच्छेदाशेजारी दिसायला हवं.

सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘शिल्पकार चरित्रकोशा’चा दृश्यकला खंड २०१३ मध्ये आला. महाराष्ट्राच्या कलेतिहासाला त्याने पहिल्यांदा पक्का पाया दिला. त्याच कामातून पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या पंडोल आर्ट गॅलरीने इंग्रजी विश्वकोश काढला, मोठ्या आकारात, भरपूर चित्रांसह. शोध घेतला मराठीने आणि बघायला मिळालं इंग्रजीत. वासुदेव गायतोंडे यांच्या बाबतीत मात्र सामना तोलाचा झाला. २०१६ मध्ये ‘बोधना’ने मीरा मिनेझिस यांचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने मराठीत ‘गायतोंडे’ काढलं. इंग्रजी पुस्तक एका लेखिकेने सलग रचलेलं चरित्र आहे. मराठी पुस्तक आठवणी, लेख आणि मुलाखतींतून माणूस उभा करतं, त्यामुळे त्यात पुनरुक्ती होते, पण जवळिकीचा ओलावाही आहे. मुख्य म्हणजे चित्र नीट छापलं नाही तर या पुस्तकाला अर्थ नाही, अशा जिद्दीने ते केलेलं आहे. एका नियतकालिकाच्या संपादकाने ते केलं, हा योगायोग नाही. दलाल-मुळगावकरांची सवय तिथे टिकून होती.

चित्राला वाक्यात बसवणारा मराठीतला सर्वांत पक्का माणूस म्हणजे वसंत सरवटे. ‘व्यंगकला-चित्रकला’सारख्या पुस्तकात ते मुद्दा मांडतात आणि लगेच रेषा दाखवतात. एखादं व्यंगचित्र कुठे फसलं हे ते चित्रच समोर ठेवून सांगतात. त्यांना रंग लागत नाहीत, आर्ट पेपर लागत नाही. साध्या कागदावरच्या काळ्या रेषेवर त्यांचं समीक्षालेखन उभं आहे.

शिकवणाऱ्या पुस्तकांचंही भलं चाललं आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने मिलिंद मुळीक यांची जलरंगांवरची पुस्तकं काढली. त्यांत पहिला वॉश, मग सावल्या, मग तपशील असं चित्र टप्प्याटप्प्याने पानावर घडत जातं. अशा पुस्तकाची मांडणी चुकली तर शिकणाऱ्याचं चित्र बिघडतं, म्हणून तिथे काळजी घेतली जाते. समीक्षेच्या पुस्तकातली मांडणी चुकली तर कुणाचं काही बिघडत नाही असं आपण धरून चालतो.

छायाचित्रांच्या पुस्तकात निदान चित्र मागे ढकलता येत नाही. तिथली अडचण क्रमाची आहे. गौतम राजाध्यक्षांच्या ‘चेहरे’मध्ये प्रत्येक छायाचित्र देखणं आहे, पण एकामागून एक सगळेच चेहरे तितक्याच उजळ प्रकाशात आले की नजर सैल पडते. उद्धव ठाकरे यांच्या ‘महाराष्ट्र देशा’ (२०१०) मध्ये हवाई छायाचित्रांमुळे किल्ल्याची माची, तटबंदी आणि डोंगराची सोंड यांचं नातं एका नजरेत कळतं. जमिनीवरून ते कधीच कळलं नसतं. मात्र त्या उंचीवरून माणूस दिसेनासा होतो आणि किल्ला शिल्पासारखा नुसता सुंदर उरतो. संदेश भंडारे यांचं ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ याच्या उलट आहे. ते फडाबरोबर फिरून, माणसांच्या इतक्या जवळ जाऊन केलेलं आहे की बोर्डावरची लावणी आणि बोर्डामागचं जगणं ही एकाच दिवसाची दोन टोकं वाटू लागतात. छायाचित्रकाराने स्वतः लिहावं, त्याच्या लेखनाने छायाचित्राची शोभा न वाढवता माहिती वाढवावी, हा धडा मराठी छायाचित्र-पुस्तकांनी त्यातून घ्यायला हवा होता.

अक्षरकलेची स्थिती सर्वांत चमत्कारिक आहे. देवनागरी टाइपाच्या इतिहासावरचा बापूराव नाईक यांचा मोठा ग्रंथ ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ १९७१ मध्ये आला, राज्याच्या भाषा संचालनालयाकडून, इंग्रजीत. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फॉन्ट लाखो संगणकांवर आहे, पण वापरणाऱ्याला त्यांचं नाव ठाऊक नाही. कमल शेडगे यांनी ‘चित्राक्षरे’, ‘कमलाक्षरे’ असे संग्रह दिले. नाटकाची जाहिरात वर्तमानपत्रात काळ्या-पांढऱ्यात, इवल्याशा जागेत यायची, तेव्हा नाटकाची जात अक्षरातूनच कळावी लागे. शेडग्यांनी ते आयुष्यभर केलं. संग्रहात आपल्याला तयार अक्षरं भेटतात. पेन्सिलीचा पहिला आराखडा, नाकारलेली वळणं, वेलांटी कुठवर न्यायची यावरचा झगडा हेही पानावर आलं असतं, तर पुढच्या पिढीला नुसतं कौतुक करण्यापलीकडे काही हाती लागलं असतं.

यावर प्रकाशकांचं उत्तर ठरलेलं असतं, पैसा. ते खोटं नाही. चार रंगांच्या चार प्लेटा, मशीन लावण्यात वाया जाणारा कागद आणि स्कॅनिंग यांचा खर्च पाचशे प्रतींना जवळजवळ तेवढाच येतो जेवढा पाच हजारांना. मराठी आवृत्ती लहान, म्हणून प्रतीमागे बोजा मोठा. रंग एका फॉर्मात कोंबले की बाकीचं पुस्तक एका रंगात निभतं. पण सरवट्यांचं उदाहरण या उत्तराला पुरून उरतं. जॉन बर्जर यांचं ‘वेज ऑफ सीइंग’ (१९७२) हेही स्वस्त पेपरबॅक होतं, चित्रं काळी-पांढरी आणि छोटी. रिचर्ड हॉलिस यांनी त्याची मांडणी करताना चित्राचा उल्लेख जिथे आला तिथेच चित्र ठेवलं, मजकूर तर मुखपृष्ठापासूनच सुरू केला. गोम्ब्रिख यांनी ‘द स्टोरी ऑफ आर्ट’ (१९५०) लिहिताना जे दाखवता येणार नाही त्याबद्दल शक्यतो बोलायचं नाही, असं बंधन घालून घेतलं. यातल्या एकाही निर्णयाला आर्ट पेपर लागला नाही.

रंग हवेच असतील तर वाट आहे. परदेशी प्रकाशक अनेक भाषांतल्या आवृत्त्या एकत्र छापतात. रंगाच्या तीन प्लेटा सगळ्यांना त्याच, मजकुराची काळी तेवढी बदलते. मुंबईतल्या गॅलऱ्या आणि ‘मार्ग’सारख्या संस्था आपल्याच चित्रकारांवर इंग्रजी पुस्तकं काढत असतात. त्यांच्याशी मराठी प्रकाशकाने छपाईआधी बोलावं, मजकूर फक्त काळ्यात ठेवावा, मराठीसाठी रकान्यात थोडी जागा राखावी. एवढं केलं तर तीच चित्रं, तेच रंग मराठी वाचकाला निम्म्या खर्चात नाही तरी परवडणाऱ्या खर्चात मिळू शकतात. यासाठी पुस्तकावर पहिल्या दिवसापासून एक चित्रसंपादक लागेल. मराठी पुस्तकाच्या श्रेयनामावलीत लेखक, प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठकार आणि अक्षरजुळणी करणारा यांची नावं असतात. चित्रसंपादकाचं नाव ज्या पुस्तकात आहे, ते आधी विकत घ्यावं.