पराशराचीं दोन वचनें आणि त्यांचा निवाडा

जुन्या काळीं तरुण मुलांमुलींचें आचरण शुद्ध होतें, कारण धर्मशास्त्राचा धाक होता, असें आमच्या नांदेड-लातूर भागांतील वृद्ध मंडळींकडून अद्याप वारंवार ऐकूं येतें. धाक होता हें खरें. पण तो शास्त्राचा होता कीं शास्त्रांतून निवडून काढलेल्या वचनांचा, हें पाहिलें पाहिजे. यासाठीं पराशरस्मृतीसारखें साधन नाहीं.

कलियुगाचा धर्म तो पराशराचा, असें ही स्मृति पहिल्याच अध्यायांत सांगते. चवथ्या अध्यायांत पति नाहींसा झाला, मेला, संन्यासी झाला, क्लीब ठरला किंवा पतित झाला, तर स्त्रीस दुसरा पति सांगितला आहे. सातव्या अध्यायांत मुलीच्या वयाचा हिशेब येतो : आठव्या वर्षीं गौरी, नवव्या वर्षीं रोहिणी, दहाव्या वर्षीं कन्या, पुढें रजस्वला. बारावें वर्ष लागूनही मुलगी घरांत राहिली तर बापाच्या पितरांची जी गति वर्णिली आहे, ती येथें न लिहिलेलीच बरी. अशा मुलीशीं लग्न करणारा ब्राह्मणही पंक्तीबाहेर. म्हणजे जाणत्या वयाची वधू पसंत करणारा तरुणदेखील याच फांसांत सांपडला.

दोन्ही वचनें एकाच ग्रंथांतलीं. चौदाव्या शतकांत विजयनगरच्या माधवाचार्यांनीं पराशरावर जें भाष्य लिहिलें, त्यांत पुनर्विवाहाचें वचन दुसऱ्या युगाविषयींचें ठरविलें. जी स्मृति मुळांत कलियुगासाठींच सांगितली, तिच्यांतील सवलत तेवढी कलियुगांत चालत नाहीं! मीमांसेचे नियम थोडेबहुत आम्हीही शिकलों आहों. तथापि या अर्थास ओढाताण यापलीकडे नांव सुचत नाहीं. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं १८५५ सालीं नेमकी हीच विसंगति दाखविली होती. वयाच्या वचनास मात्र असें युगांतर कोणी बहाल केलें नाहीं.

इतर स्मृतींतही पर्याय होते. ऋतुप्राप्तीनंतर तीन वर्षें वाट पाहून मुलीनें स्वतः अनुरूप वर शोधावा, आणि गुणहीनास देण्यापेक्षां ती आमरण घरीं राहिली तरी चालेल, असें मनु म्हणतो. याज्ञवल्क्य विवाह लांबविणाऱ्यास दर ऋतूस भ्रूणहत्येचें पाप लावतो, पण देणारें कोणी नसल्यास त्याच श्लोकांत स्वयंवराची मोकळीक ठेवतो. या याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा विज्ञानेश्वरानें कल्याण येथें, सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) राज्यांत लिहिली. तें कल्याण म्हणजे आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या शेजारचें. चालुक्यकालीन शिल्पाचे नमुने म्हणून ज्यांकडे बोट दाखवितात, त्या निलंग्याच्या आणि होट्टलच्या मंदिरांवर सुरसुंदरी आजही उभ्या आहेत. देवळाच्या भिंतीस तारुण्याचा विटाळ होत नव्हता. गोदातीराचें वर्णन करणारी हालाची गाथासप्तशती याहून कितीतरी जुनी. खेड्यांतील तरुण प्रीतीविषयीं तींत संकोच नाहीं. काव्य हा आचाराचा पुरावा नव्हे, हें आम्ही जाणतों, आणि गाथेंतील पुष्कळ भाग कविसंकेताचाही असेल. पण ती ऐकणाऱ्यांस तरुण मन हें पापाचें मूळ वाटत नसावें, एवढें अनुमान निघतें.

निवड पंडितांनीं केली. किंमत मुलींनीं दिली. आठव्या वर्षीं लग्न, नवरा गेला कीं बाराव्या वर्षीं केशवपन, आणि पुढें सारें आयुष्य एका घराच्या माजघरांत. त्यांतून पाऊल वांकडें पडलें तर विहीर किंवा अर्भकाचा गळा. हें अतिशयोक्त वाटणाऱ्यांनीं जोतीराव फुल्यांस १८६३ सालीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह कां काढावें लागलें, याचा विचार करावा. १८८१ सालीं सुरतेच्या न्यायालयानें विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात बालकाच्या हत्येबद्दल फांशी सुनावली. अपिलांत ती शिक्षा उतरली. त्या मुलास बापही होता, ही गोष्ट निकालांत कोठें शिक्षेस पात्र ठरली नाहीं. आमच्या शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं त्याच संतापांतून १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्यांची भाषा कडक आहे, कोठें कोठें विस्कळितही. पण नियम करणारा कोण आणि भोगणारा कोण, हा त्यांचा प्रश्न माधवाचार्यांच्या भाष्यासही तसाच लागू पडतो.

मराठवाड्याची गोष्ट आणखी निराळी. १८५६ चा पुनर्विवाहाचा, १८९१ चा संमतिवयाचा आणि १९२९ चा बालविवाहप्रतिबंधाचा, हे तिन्ही कायदे इंग्रजी मुलखाचे. नांदेड आणि लातूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत असल्यामुळें ते येथें आपोआप लागू नव्हते. पुण्या-मुंबईस वाद तरी गाजले. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनीं पुढें मनुस्मृतीची परखड चिकित्सा केली. तशीच माधवाचार्यांपासूनच्या भाष्यकारांची व निबंधकारांची येथील घराण्यांच्या कागदपत्रांशीं ताडून व्हावी. त्यासाठीं एक विनंती आहे. वंशावळी छापतांना मुलीच्या रेघेपुढें 'निपुत्रिक' किंवा नुसतें शून्य न घालतां, कागदांत असल्यास तिचें नांव, लग्नाचें वय आणि वैधव्याचें वर्ष छापावें. जुन्या चोपड्यांच्या मागच्या पानांवर हें टिपलेलें असतें; नक्कल करणारा बहुधा तें पान सोडून देतो.