जुळणाऱ्या दोन रेषा

अल् गोर यांचा ‘ॲन इन्कन्व्हीनियंट ट्रूथ’ हा माहितीपट २००६ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक डेव्हिस गुगेनहाइम. हवामानबदलाचा विषय वर्गात काढायचा तर हा चित्रपट अजूनही उपयोगी पडतो. त्यातला मौना लोआचा भाग तर जरूर दाखवावा. हवाई बेटावरच्या या वेधशाळेत चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवेतील कार्बन डाय ऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. या आलेखाला करवतीसारखे दाते का असतात, उत्तर गोलार्धातल्या वनस्पती दर उन्हाळ्यात हा वायू कसा ओढून घेतात, हे गोर अगदी सोपे करून सांगतात.

खटकतो तो पुढचा प्रसंग, आणि प्रेक्षकांच्या लक्षात राहतो तोही हाच. पडद्यावर साडेसहा लाख वर्षांच्या दोन रेषा येतात, एक कार्बन डाय ऑक्साइडची, दुसरी तापमानाची. दोन्हींचे चढउतार जुळतात. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका पूर्वी जोडलेले होते का, असे शाळेत एका वर्गमित्राने विचारले आणि शिक्षकांनी त्याला उडवून लावले, ही गोष्ट गोर यांनी आधी सांगितलेली असते. तिची इथे आठवण करून देऊन ते हशा मिळवतात. संबंध गुंतागुंतीचा आहे एवढे म्हणतात, वायू वाढला की तापमान वाढते असे सांगून टाकतात, आणि थोड्या वेळाने आलेखाचे टोक गाठायला यांत्रिक शिडीवर चढतात.

पण नुसते किनारे जुळतात म्हणून खंड सरकल्याचे कोणी मान्य केले नव्हते. वेगेनर यांनी १९१२ मध्ये सिद्धान्त मांडला, खडकांचे आणि जीवाश्मांचे पुरावे दिले, तरी १९६० च्या दशकात समुद्रतळाची माहिती हाती येईपर्यंत बहुतेक भूवैज्ञानिक राजी नव्हते. म्हणजे दृष्टान्त गोर यांच्यावरच उलटतो!

या रेषा येतात अंटार्क्टिकाच्या बर्फातून. वायू मिळतो बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून. तापमान मात्र थेट मोजलेले नसते. बर्फाच्या पाण्यातील जड हायड्रोजनच्या प्रमाणावरून ते काढतात, आणि तेही अंटार्क्टिकाचे, साऱ्या पृथ्वीचे नव्हे. शिवाय वरचा बर्फ खूप खोलपर्यंत सच्छिद्र असतो, त्यातून हवा खेळत राहते. त्यामुळे बुडबुड्यातली हवा भोवतालच्या बर्फापेक्षा शेकडो ते हजारो वर्षांनी तरुण असते. अशा दोन रेषा एकमेकींशी जुळवणे हेच मुळी जिकिरीचे काम. सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी हिमयुग सरले, तेव्हा अंटार्क्टिका आधी तापला आणि वायू साधारण ८०० वर्षांनी वाढला, असे २००३ च्या एका अभ्यासात दिसले.

मग आधी काय? चुणचुणीत विद्यार्थी हे विचारणारच. सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतील आणि आसाच्या कलातील बदलांनी झाली. कोमट सोड्यातून वायू निघून जातो, तसा तापलेल्या महासागरातून कार्बन डाय ऑक्साइड बाहेर पडला आणि त्याने ती ऊब आणखी वाढवली, जगभर पसरवली. चित्रपटाने हे गाळले आणि तापमानवाढ नाकारणाऱ्यांना आयते कोलीत मिळाले. इंग्लंडमधील माध्यमिक शाळांना हा चित्रपट पाठवला गेला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यायमूर्ती बर्टन यांनी चित्रपट ढोबळमानाने बरोबर ठरवला. पण नऊ ठिकाणी बोट ठेवले. त्यांत हा आलेखही होता.

गोर यांना या जुळणीची गरजच नव्हती. आजची वाढ माणसाने केली, याचा पक्का पुरावा दुसरीकडे आहे, आणि दीड तासाच्या चित्रपटात त्याला जागा नाही. वनस्पती हलका कार्बन अधिक घेतात, म्हणून त्यांच्यापासून बनलेल्या कोळशात आणि तेलात कार्बन-१३ कमी असतो. हवेतही त्याचे प्रमाण घटत चालले आहे. ज्वलनात खर्च होणारा ऑक्सिजनही अगदी किंचित, पण मोजता येईल इतका कमी होतो आहे. वायू नुसता महासागरातून येत असता, तर ऑक्सिजन असा घटला नसता.