रूझवेल्ट यांचे लेखन : शौर्य आणि मौन

पराक्रमी पुरुषाचे लेखन वाचताना वाचकाने एक प्रश्न मनाशी बाळगावा : हा लेखक कशाविषयी बोलतो आणि कशाविषयी गप्प राहतो? १९०१ ते १९०९ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या ग्रंथांना ही कसोटी विशेष लागू पडते. पंचविशीच्या आत आरमारी युद्धाचा इतिहास प्रसिद्ध करणाऱ्या या गृहस्थांनी तिसांहून अधिक ग्रंथ लिहिले. त्यांची भाषा रोखठोक असून वर्णनात निसर्गशास्त्रज्ञाची दृष्टी आहे.

परंतु ‘मी’पणाचा दोष त्यांना चांगलाच भोवला. क्यूबातील १८९८ च्या लढाईवरील ‘द रफ रायडर्स’ प्रसिद्ध होताच फिन्ली पीटर डन या विनोदकाराने ग्रंथाचे नाव ‘क्यूबात मी एकटाच’ असावयास हवे होते, असा टोला मारला. तो रूझवेल्ट यांनी हसत स्वीकारला, हे त्यांच्या मनाचे मोठेपण. ‘द विनिंग ऑफ द वेस्ट’मधील दोष मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मूळ रहिवाशांची भूमी बळकावणाऱ्या युद्धास तेथे न्याय्य ठरविले आहे. विजेत्याने लिहिलेल्या इतिहासात पराभूताची व्यथा उमटली नाही, तर ती केवळ प्रशस्ती होय. ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ (१९१०) मध्ये पाखरांवर जीव लावणारा हाच लेखक पितापुत्रांनी मारलेल्या ५१२ प्राण्यांची यादीही देतो. ते प्राणी वस्तुसंग्रहालयांसाठी होते हे खरे. तरी मन विषण्ण होतेच.

आता मौनाविषयी. १४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात त्यांची माता आणि पत्नी निवर्तल्या. या दुःखानंतर ते डाकोटाच्या माळरानावर गेले. त्यांचे शिकारग्रंथ तेथल्याच अनुभवातून जन्मले. असे असता १९१३ च्या आत्मचरित्रात त्या पत्नीचे नावही नाही. शोक झाकण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. पण आत्मचरित्र तेवढ्यापुरते अपुरे राहिले.

म्हणूनच ‘थ्रू द ब्राझिलियन वाइल्डरनेस’ (१९१४) हा ग्रंथ आम्हांस सर्वांत सरस वाटतो. ‘संशयाची नदी’ या नावाच्या अज्ञात प्रवाहातून ब्राझीलचे कर्नल रोंदों यांच्यासह जाताना धबधब्यांनी होड्या फोडल्या. बरोबरच्या तीन माणसांना मुकावे लागले. खुद्द रूझवेल्ट पायाच्या जखमेने आणि ज्वराने मरणोन्मुख झाले. पण स्वतःच्या आजाराविषयी ते थोडक्यात लिहितात आणि होड्या वाहणाऱ्या मजुरांच्या श्रमांचे मनापासून गुणगान करतात. क्यूबात स्वतःस झाकणे ज्यांना जमले नव्हते, त्यांना ते येथे साधले. पहिले मौन उणीव ठरले, हे मौन विनय ठरले. रूझवेल्ट यांचा एकच ग्रंथ वाचावयाचा असेल, तर रसिकांनी हाच वाचावा.