महाराष्ट्र सारस्वत : प्रेम आणि प्रमाण

कै. विनायक लक्ष्मण भावे यांचें 'महाराष्ट्र सारस्वत' आजकाल वाचलें जाण्यापेक्षां वंदिलेंच अधिक जातें. मराठी वाङ्मयाचा पहिला मोठा इतिहास म्हणून त्याचें नांव प्रत्येक प्रस्तावनेंत येतें, आणि नांव येऊन गेलें कीं पुस्तक पुन्हां फळीवर चढतें. आम्हीही अनेक वर्षें त्याचा असाच आदर करीत आलों होतों. तें पहिल्या पानापासून पुन्हां वाचण्याचा योग आला तो एका निराळ्याच निमित्तानें. ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. गोष्ट आनंदाची होती व आम्हांसही आनंद झाला. परंतु त्यानंतर सभांतून व लेखांतून मराठीच्या वयाचीं जीं अनुमानें कानांवर येऊं लागलीं, तीं ऐकतांना मन एकदम बोहेमियांत गेलें, आणि तेथून परत आलें तें ठाण्यास, भाव्यांच्या पुस्तकापाशीं. बोहेमियाचा आणि ठाण्याचा संबंध काय, असें वाचक विचारतील. तो थोडा विस्तारानें सांगावा लागेल.

चेक लोकांची एकोणिसाव्या शतकांतील स्थिति आपणांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. १६२० सालीं श्वेतपर्वताच्या लढाईंत त्यांचा मोड झाल्यापासून ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची सत्ता तेथें पुरती दृढ झाली. पुढें कचेरींत, वरच्या शाळांत आणि प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांत जर्मन भाषा बसली. चेक भाषा शेतकऱ्यांच्या व चाकरमाणसांच्या तोंडीं उरली. या भाषेचें शास्त्रशुद्ध व्याकरण रचणारा थोर पंडित योसेफ डोब्रोव्हस्की यानें तें व्याकरणसुद्धां जर्मन भाषेंत लिहिलें, आणि ही भाषा पुन्हां विद्वानांची भाषा होईल याचा त्याला स्वतःलाच फारसा भरंवसा नव्हता. त्याच्या मागून आलेला योसेफ युंगमान हा शाळामास्तर मात्र निराळ्या मनाचा. चेक भाषेला मोठा विषय पेलतो कीं नाहीं हें दाखविण्यासाठीं त्यानें १८११ सालीं मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'चें भाषांतर प्रसिद्ध केलें. १८२५ सालीं चेक वाङ्मयाचा इतिहास काढला. आणि १८३४ ते १८३९ या काळांत पांच खंडांचा चेक-जर्मन कोश पुरा केला. असे ग्रंथ छापण्यासाठीं १८३१ सालीं 'मातिस चेस्का' नांवाची एक संस्था वर्गणीच्या पैशावर उभी राहिली.

योगायोग असा कीं, त्याच १८३१ सालीं आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आपल्या पंडितांस हाताशीं धरून तो सरकारी आश्रयानें केला. मोल्सवर्थविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण तो कोश चाळतांना, एखाद्या चोखंदळ पाहुण्यानें आपल्या घरांतील भांडींकुंडीं आपल्यापेक्षां नीट मोजून ठेवावीं, तसें कांहींसें वाटतें, आणि थोडी लाजही वाटते.

युंगमानच्या वाङ्मयेतिहासाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तो इतिहास पुष्कळ अंशीं ग्रंथांची यादी आहे. कोणतें पुस्तक कोणी केव्हां लिहिलें, कोठें छापलें, हस्तलिखित कोठें आहे, याची नोंद त्यानें चिकाटीनें केली. ज्या लोकांस 'तुमच्या भाषेंत आहे काय?' असा प्रश्न रोज ऐकावा लागतो, त्यांच्याकडे प्रथम यादीच लिहिली जाते. रसविवेचन मागाहून येतें.

आपल्याकडे हा प्रश्न विचारणारें मुंबई विद्यापीठच होतें. १८५७ सालीं तें स्थापन झालें, आणि थोड्याच वर्षांत त्यानें वरच्या परीक्षांतून मराठीस काढून टाकलें. संस्कृत राहिली, लॅटिनही राहिली; मराठीला मात्र परीक्षेस पुरेसें वाङ्मय नाहीं असें ठरलें. तिला एम्. ए. च्या परीक्षेपुरती तरी पुन्हां वाट मिळावी म्हणून न्यायमूर्ति रानड्यांस आयुष्याच्या अखेरीपर्यंत झगडावें लागलें. प्रागचें प्राचीन विद्यापीठ १८८२ सालीं दुभंगून त्याचीं जर्मन व चेक अशीं दोन विद्यापीठें झालीं. म्हणजे ज्या काळीं चेक विद्यार्थी आपल्या भाषेंत पदवीपर्यंत शिकूं लागला, त्या काळीं मराठी विद्यार्थी आपली भाषा मॅट्रिकच्या उंबऱ्यावर ठेवून आंत जात होता.

अशा स्थितींत १ जून १८९३ रोजीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालें. भावे त्या वेळीं अवघे एकवीस वर्षांचे होते. वाचनालयें आधींही होतीं. शेजारच्या कल्याणचें सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासून चाललें होतें. परंतु वाचनालय निराळें आणि संग्रहालय निराळें. वाचनालय आजच्या वाचकाच्या आवडीकडे पाहतें. संग्रहालयानें, मराठींत जें छापलें गेलें तें चांगलें असो वा सुमार असो, जपून ठेवावयाचें असतें. केवळ मराठी ग्रंथांसाठीं संस्था काढावयाची, ही कल्पनाच तेव्हां नवी होती. मुंबईचें मराठी ग्रंथसंग्रहालय निघालें तें यानंतर पांच वर्षांनीं, १८९८ सालीं. त्याच सुमारास 'ग्रंथमाला' मासिकांतून 'महाराष्ट्र सारस्वत' प्रथम प्रसिद्ध होऊं लागलें. हा संबंध ध्यानांत घेतल्याखेरीज त्या पुस्तकाचे गुणही समजत नाहींत आणि दोषही समजत नाहींत. भावे शास्त्रशाखेचे पदवीधर, आणि पेशानें अध्यापक नव्हेत. विद्यापीठानें ज्या विषयास दार बंद केलें होतें त्याचा इतिहास एका हौशी संग्राहकानें लिहावा, हें त्या काळाला धरूनच झालें.

आतां बोहेमियाची दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण आमचें मन तिकडे ओढलें गेलें तें तिच्यामुळेंच. यादी करणाऱ्या माणसास लौकरच असें दिसूं लागतें कीं, आपली यादी पुरेशी जुनी नाहीं. शेजाऱ्याकडे प्राचीन वीरकाव्यें आहेत, आपल्याकडे नाहींत. वात्स्लाव्ह हांका नांवाच्या तरुण ग्रंथपालानें ही उणीव भरून काढली. १८१७ सालीं एका गांवच्या देवळांत आपणांस तेराव्या शतकांतील चेक काव्यांचीं चर्मपत्रें सांपडलीं, असें त्यानें जाहीर केलें. दुसऱ्याच वर्षीं त्याहूनही शेंकडों वर्षें जुनें म्हणून एक हस्तलिखित पुढें आलें. सारें राष्ट्र हर्षभरित झालें. जर्मन महाकवि गटे यालासुद्धां त्यांतील एका कवितेचा मोह पडला. वृद्ध डोब्रोव्हस्कीनें दुसरें हस्तलिखित बनावट असल्याचें स्पष्ट सांगितलें, तर त्यालाच लोकांनीं अरसिक ठरविलें. चित्रें निघालीं, नाटकें निघालीं, शाळेंतील मुलें तीं काव्यें पाठ करूं लागलीं. शेवटीं १८८६ सालीं यान गेबाउअर या भाषाशास्त्रज्ञानें आणि टोमास मासारिक या प्राध्यापकानें आपल्या नियतकालिकांतून भाषेच्या व इतिहासाच्या पुराव्यानें तीं दोन्ही हस्तलिखितें खोटीं असल्याचें दाखवून दिलें. त्या दोघांवर देशद्रोहाचा वर्षाव झाला. पुढें १९१८ सालीं चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला तेव्हां त्याचा पहिला अध्यक्ष म्हणून लोकांनीं याच मासारिकला निवडलें, ही गोष्ट आपल्याकडच्या भाषाभिमान्यांनीं विसरूं नये.

या हकीकतीच्या उजेडांत सारस्वतकारांकडे पाहिलें म्हणजे त्यांचा मोठेपणा कोठें आहे तें दिसतें. आपल्याकडे हांका निपजला नाहीं याचें अर्धें श्रेय ज्ञानेश्वरीला आहे. ज्यांच्या घरीं शके १२१२ चा असा ग्रंथ आहे त्यांना खोटा दागिना घडविण्याची गरज कमी. परंतु उरलेलें श्रेय भावे-राजवाडे यांच्या पिढीला दिलें पाहिजे. या लोकांनीं पोथ्या शोधण्यासाठीं पाय झिजविले. महानुभाव पंथाचें वाङ्मय सांकेतिक लिपींत शतकानुशतकें बंद होतें. राजवाडे व भावे यांच्या खटपटीनें त्या लिपीचा उलगडा झाला, आणि मराठी गद्यपद्याचें एक अख्खें दालन उघडलें. भाव्यांनीं यावर काय केलें? त्यांनीं आपलाच ग्रंथ मोडला. १९१९ च्या दुसऱ्या आवृत्तींत महानुभावांस जागा मिळाली, आणि पहिल्या आवृत्तींतील मराठी वाङ्मयाच्या आरंभाचें चित्र पार पालटलें. वीस वर्षें लोकांनीं प्रमाण मानलेली स्वतःची मांडणी नवा पुरावा येतांच बदलावयाची, याला मनाचा जो सरळपणा लागतो तो आम्हांस त्यांच्या रसिकतेहूनही मोलाचा वाटतो.

रसिकता मात्र त्यांच्याजवळ उदंड आहे, आणि येथेंच आमची तक्रार सुरू होते. भावे कवीविषयीं लिहूं लागले कीं पाहणाऱ्याचे डोळे भक्ताचे होतात. मुक्तेश्वर असो, वामन असो, मोरोपंत असो, प्रत्येक प्रकरणांत त्या त्या कवीचा उत्सव चाललेला असतो. वाचावयास हें गोड लागतें. घरांत मोठ्यानें वाचून दाखवावीं अशीं पानेंच्या पानें या पुस्तकांत आहेत. पण दहा उत्सव संपल्यावर कोणता कवि कोणाहून मोठा, आणि कां, हें वाचकास सांगतां येत नाहीं. शिवाय प्रेम कित्येकदां पुराव्याच्या जागीं येऊन बसतें. 'विवेकसिंधू'च्या शके १११० या कालावर त्यांच्या पिढीनें मुकुंदराजास आद्य कवीचें आसन दिलें. त्या ग्रंथाची भाषा ज्ञानेश्वरीहून अर्वाचीन कां वाटते, हा प्रश्न पुढच्या संशोधकांस जितका टोंचला तितका भाव्यांस टोंचला नाहीं.

याचें ठळक उदाहरण 'तुकारामबुवांचा अस्सल गाथा' हें आहे. तुकोबांचे टाळकरी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून भाव्यांनीं तो १९१९-२० च्या सुमारास छापला. ही कामगिरी असामान्य होय, यांत शंका नाहीं. तुकोबांच्या इतक्या निकटच्या माणसाच्या हातचा मजकूर दुसऱ्या कोणीं पुढें आणला नव्हता. परंतु 'अस्सल' हा शब्द त्या वह्यांना पेलत नाहीं. सरकारी आश्रयानें छापलेल्या गाथेंत साडेचार हजारांवर अभंग आहेत आणि या वह्यांत सुमारे तेराशे. मग उरलेले सारे नक्कल काय? एका माणसानें आपल्या वहींत जें उतरून घेतलें नाहीं तें तुकोबांनीं म्हटलेंच नाहीं, असें अनुमान कोणता न्यायशास्त्री मान्य करील? वही हा एक साक्षीदार आहे, फार चांगला साक्षीदार आहे. भाव्यांनीं त्याला न्यायाधीश केलें.

एवढें सांगितल्यावर हेंही सांगावयास हवें कीं, त्या काळचा मराठी वाचक या बाबतींत भाव्यांहून पुष्कळच हळवा होता. १८९८-९९ मध्यें शिवराम एकनाथ भारदे यांनीं 'भारद्वाज' या नांवानें 'सुधारकां'त लेख लिहून, ज्ञानेश्वरीचे कर्ते आणि अभंगांचे कर्ते ज्ञानदेव हे निरनिराळे होत, असा पक्ष मांडला, तेव्हां जें वादळ उठलें त्यांत भारद्यांच्या पुराव्याइतकीच त्यांच्या श्रद्धेचीही झडती झाली. त्यांचा निष्कर्ष आम्हांस पटत नाहीं. पण प्रश्न विचारण्याचा त्यांचा अधिकार मासारिकच्या अधिकाराइतकाच पवित्र होता. मराठी पोथ्यांची पाठचिकित्सा पुढें किती संयमानें करतां येते हें अ. का. प्रियोळकरांनीं १९३५ सालीं रघुनाथपंडिताच्या 'दमयंतीस्वयंवरा'ची आवृत्ति काढून दाखविलें. एका लहानशा काव्यासाठीं त्यांनीं जेवढ्या प्रती ताडून पाहिल्या आणि जेवढे पाठभेद नोंदविले, तेवढे श्रम गाथेवर झाले असते तर 'अस्सल' हा शब्द आपोआप गळून पडला असता.

सारस्वताचा दुसरा मोठा दोष आम्हांस या खेपेसच जाणवला. हा ग्रंथ पेशवाईच्या अखेरीशीं येऊन थांबतो. प्राचीन वाङ्मयाचा इतिहास तेथें थांबावा यांत वावगें कांहीं नाहीं, असें कोणी म्हणेल. पण भावे ज्या संग्रहालयाचे चालक होते त्यांतील छापील पुस्तकें कोठलीं होतीं? अव्वल इंग्रजींतील शाळापुस्तकें, निबंध, कादंबऱ्या, भाषांतरें, मासिकें यांनींच त्या फळ्या भरल्या. गद्याचें हें सारें पीक त्यांच्या डोळ्यांदेखत उगवलें, त्यांनीं तें कोठारांत साठविलें, आणि इतिहास लिहितांना मात्र पाठ फिरवून ते पोथ्यांकडे गेले. युंगमाननें आपल्या यादींत समकालीन पुस्तकेंही घेतलीं होतीं. भाव्यांनीं तसा एक भाग लिहिला असता तर बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'पासून हरिभाऊ आपट्यांपर्यंतच्या काळाचा, संग्रहालयाच्या फळीजवळ उभ्या असलेल्या माणसानें लिहिलेला इतिहास आज आपणांस मिळाला असता. त्यांना जुनें तेवढेंच सारस्वत वाटलें. येथें हांकाच्या मोहाची एक पुसट छाया आम्हांस दिसते. खोटेपणाची नव्हे, पण वयालाच मोल समजण्याची.

तीच छाया आज अधिक गडद आहे. २०१२ सालीं नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीला मराठीचें प्राचीनत्व सिद्ध करणें भाग होतें, कारण सरकारी निकषच तसा होता. त्याबद्दल समितीस कोणी दोष देऊं नये. पण निकषासाठीं केलेला युक्तिवाद वेगळा आणि घरांत मुलांस सांगावयाचा इतिहास वेगळा. कल्याण बंदरांतून जुन्नराकडे जाणाऱ्या प्राचीन वाटेवर नाणेघाट लागतो; तेथील सातवाहनकालीन लेखांत 'महारठि' हा शब्द आहे. ठाणे जिल्ह्यांतील माणसाचा ऊर त्यानें भरून यावा हें स्वाभाविक आहे. मात्र तो लेख प्राकृत आहे. हालाची सप्तशती ही माहाराष्ट्री प्राकृताची आहे. आजी आणि नात यांचें नातें कितीही जवळचें असलें तरी आजीचें वय नातीला लावून चालत नाहीं. ज्ञानेश्वरीच्या मराठीला आजीच्या वयाचा आधार लागतो असें ज्यांना वाटतें, त्यांनीं ती पुरती वाचली नसावी, असा आम्हांस संशय येतो.

सारस्वताच्या पुढच्या आवृत्तींना डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं विस्तृत पुरवणी जोडली आणि भाव्यांनंतर लागलेल्या शोधांचा आढावा तींत घेतला. काम फार साक्षेपानें झालें आहे. गैरसोय एवढीच कीं, पुरवणी ग्रंथाच्या शेवटीं असल्यामुळें मुकुंदराजाचें प्रकरण वाचणारा तेथवर क्वचित् पोंचतो, आणि भाव्यांचा जुना निष्कर्ष घेऊन उठतो. पुन्हां कोणी हें पुस्तक छापण्याचें मनावर घेतलें तर पुरवणींतील माहिती त्या त्या पानाच्या तळाशीं आणावी, कोणतें विधान कोणत्या पोथीवर उभें आहे तें तेथेंच दाखवावें, आणि १८९८-९९ च्या पहिल्या लेखनांत काय होतें व १९१९ सालीं भाव्यांनीं त्यांतलें काय खोडलें, हेंही समोरासमोर छापावें.