पेज कोणी लिहावी?

खाद्यपदार्थांची नावे विचित्र असतात, असे म्हणणारा बहुधा परगावचा असतो. ज्याच्या ताटात तो पदार्थ नित्य पडतो, त्याला त्या नावात नवल वाटत नाही. आमच्या मालवणकडची नावेच पाहा. खापरावर होते ती खापरोळी, आंबवलेल्या पिठाची ती आंबोळी, आणि जत्रेतला दाताला न जुमानणारा तो खडखडे लाडू. एक नाव भांड्यावरून, दुसरे आंबटपणावरून, तिसरे आवाजावरून. सोलकढी तर चुलीवर कढतच नाही. आमसुलाचे पाणी आणि नारळाचा रस एकत्र केला की ती झाली. तरी ती कढीच, कारण भाताबरोबर कढीचे काम ती करते.

प्रवासात ही गंमत वाढते. जगन्नाथपुरीला खाजा मागावा, तर हाती येतो तो मैद्याच्या पदरांचा, साखरेच्या पाकातला. मालवणी खाजा म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्या, आले घातलेल्या गुळाच्या पाकात घोळलेल्या. तमिळनाडूचे सांबार तुरीच्या डाळीचे. आमचा सांबारा काळ्या वाटाण्यांचा, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपाचा. नाव एक म्हणजे वस्तू एक, हा समज पहिल्या घासालाच जातो.

नावांची ही श्रीमंती आमच्या साहित्यात कितीशी उतरली? गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने 1980 मध्ये मालवणी बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर नेली, हे त्या नाटकाचे मोठे कार्य. पुढच्या अनुकरणांनी मात्र त्या बोलीकडून केवळ हशाची चाकरी करून घेतली. जेवणाचेही तेच झाले. शहरातल्या खानावळींच्या पाट्यांवर 'मालवणी' म्हणजे कोंबडी-वडे आणि तिखट सुरमई. कथा-कादंबऱ्यांतही आमची माणसे पोटभर जेवतात ती सणाला, नाहीतर पाहुणा आल्यावर. पेज क्वचितच कोणी जेवतो!

आणि आमचे रोजचे जगणे तर पेजेवर उभे. भात आधी उकडून, वाळवून मग सडायचा, म्हणजे कणी कमी पडते. त्या उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचे किंवा सुके मासे. रात्री कुळथाची पिठी आणि भात. माझ्या वर्गातली मुले घरून पेज जेवून येतात आणि निबंधात 'मी नाश्ता केला' असे लिहितात. छापील पुस्तकात पेज भेटत नाही, तेव्हा ती लिहिण्याजोगी नसावी, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब चुकीचा म्हणावा, तर पुस्तके मुलांच्या बाजूने साक्ष देतात.

बोलीतले चार संवाद पेरल्याने प्रदेश उभा राहत नाही. पात्र सकाळी दहाला काय जेवते, ते कोण वाढते, आणि माणसे वाढली की पेजेत पाणी ओतून शेवटी स्वतः काय पिते, हे लेखकाला ठाऊक असावयास हवे. ज्या कादंबरीत ते सापडत नाही, तिच्यातल्या समुद्रवर्णनाचे कौतुक मला करवत नाही.