‘विक्षिप्त’ आणि ‘उत्केंद्र’ : व्युत्पत्ती, अर्थ व समीक्षेतील उपयोजन

इंग्रजीतील ‘एक्सेन्ट्रिक’ या संज्ञेसाठी मराठी समीक्षेत बहुधा ‘विक्षिप्त’ हा शब्द योजला जातो. हे उपयोजन कितपत युक्त आहे, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

मूळ ग्रीक संज्ञेचा अर्थ ‘केंद्राबाहेरचा’. टॉलेमीच्या खगोलशास्त्रात ज्या वर्तुळाच्या मध्यबिंदूवर पृथ्वी नाही, त्यास ती लावली जाई. मनुष्यस्वभावास ती पुढे लागली. भारतीय सिद्धांतग्रंथांत अशा वर्तुळास ‘प्रतिवृत्त’ म्हणतात. ‘केंद्र’ हा शब्दही संस्कृतात ग्रीक ज्योतिषातूनच आला. त्यामुळे शास्त्रीय परिभाषेतील ‘उत्केंद्र’ हा शब्द मूळ संज्ञेस सर्वांत जवळचा ठरतो. तो केवळ स्थान सांगतो. गुणदोष सांगत नाही.

‘विक्षिप्त’ची जातकुळी निराळी आहे. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध अशा चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत. म्हणजेच हा शब्द स्थानाविषयी नसून चित्ताविषयी आहे. ‘तऱ्हेवाईक’मधील ‘तऱ्हा’ ज्या अरबी धातूपासून आली, त्याचाही मूळ अर्थ फेकणे हाच, हे लक्षणीय होय. ‘अवलिया’ हे मात्र ‘वली’चे अरबी अनेकवचन, तेथे लोकरीतीपासूनचे अंतर ईश्वराचे सान्निध्य ठरते.

हा भेद केवळ कोशापुरता नाही. मराठीत ‘विक्षिप्त’ म्हणजे लहरी. हिंदीत मात्र वेडा. मीरा-भाईंदरसारख्या शहरात दोन्ही भाषांचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. तेथे मराठी समीक्षकाचे स्वभाववर्णन हिंदीभाषक विद्यार्थ्यास रोगनिदान वाटू शकते.

१९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधील अंतू बर्वा हे या दृष्टीने उद्बोधक उदाहरण होय. रत्नागिरीत आलेल्या विजेच्या दिव्यांचेही त्याला कौतुक नाही. उजेडात दारिद्र्यच दिसणार, अशी त्याची धारणा. त्यास ‘विक्षिप्त’ म्हटले की दोष त्याच्या चित्तात शोधला जातो आणि त्याच्या उपरोधामागील दारिद्र्य नजरेआड होते. ‘उत्केंद्र’ म्हटले की प्रश्न उद्भवतो : केंद्र कोणते, आणि ते ठरविले कोणी?

‘उत्केंद्र’ या शब्दास ‘वल्ली’ची माया नाही, ही त्याची मर्यादा मान्य करावी लागेल. तथापि, स्वभावासाठी ‘विक्षिप्त’ आणि सामाजिक स्थानासाठी ‘उत्केंद्र’ असा विवेक समीक्षेने पाळल्यास, परिघावरच्या माणसाचे म्हणणे त्याच्या लहरीच्या खात्यावर टाकण्याचा अन्याय टळेल.